मांड्यांचा गळीत हंगाम

भाचीच्या साखरपुड्यात मी कनात पाडली.

मुद्दाम नाही पाडली. पंगत उठली, मंडळी हात धुवायला निघाली. मीही मांडी सोडून उठायला गेलो, तर पाय म्हणाले, तुम्ही व्हा पुढे, आम्ही येतो मागून. पुढे होणार कसा? कंबर थोडी वर आली आणि परत पाटावर बसली. दुसऱ्यांदा तेच. शेजारचे पाहुणे बघायला लागले, तसा मी काही तरी सांडलंय आणि ते शोधतोय असा चेहरा केला आणि उजवा हात हळूच मागे नेला. हाताला एक दोरी लागली. मी ती धरली आणि सगळा जोर लावून स्वतःला वर ओढलं. वर मी आलो नाही, खाली कनात आली. आधी एक बांबू कलला, मग दुसरा, आणि लाल-निळ्या पट्ट्यांचं ते सगळं कापड म्हशीनं डबक्यात बसावं तसं आरामात माझ्यावर बसलं.

त्याखालून डोकं बाहेर काढलं, तेव्हा माझ्याकडे कुणी बघतच नव्हतं. कनातीच्या पलीकडे, आडोसा समजून, माझी भाची आणि तिचा होणारा नवरा उभे होते. तिच्या हातात जिलबीची ताटली आणि जिलबीचा एक तुकडा त्याच्या तोंडापासून दोन बोटांवर. तिचा हात तिथेच थांबलेला. त्याचं तोंडही उघडंच राहिलेलं.

हे राजूरला, माझ्या धाकट्या बहिणीच्या अंगणात घडलं. तिच्या नवऱ्याचं बाजारपेठेत किराणा दुकान. आजूबाजूच्या डोंगरातली सगळी गावं बाजाराला तिथेच उतरतात. म्हणजे दुसऱ्या दिवशीच्या बाजारात ही बातमी मिठा-मिरचीबरोबर पुड्या बांधून गावोगाव गेली असणार.

जिलबीचं सगळ्यांनी हसण्यावारी नेलं. पण नवऱ्या मुलाची आजी, नव्वारी नेसलेली, ताठ कण्याची बाई, तिचं लक्ष जिलबीकडे नव्हतं. मला दोघांनी बगलेत हात घालून उभं केलं ते तिनं नीट पाहिलं आणि ती माझ्या बहिणीला मोठ्यानं म्हणाली, "विहीनबाई, आमच्याकडं मामा पोरीला उचलून आनतो बरं का बोहल्यावर. तुमच्या मामाला तर आदी मान्सं लागत्यात उचलाया!"

मंडप हसला. मीही हसलो. माझी बायको मात्र हसली नाही.

आता हे बोहल्याचं प्रकरण सांगायला हवं. आमच्याकडे मुलीचा मामा तिला हाताला धरून आणतो, त्यांच्याकडे उचलून. सोयरीक जुळवताना हे कळलं तेव्हा सगळ्यात जास्त आनंद मला झाला होता. ही माझी एकुलती एक भाची. लहानपणी सुट्टीत आमच्याकडे नगरला आली की सावेडीच्या घरापासून बाजारापर्यंत माझ्या खांद्यावर बसून जायची, आणि वरून मला रस्ता सांगायची. 'तुला बोहल्यावर मीच नेणार,' हे मी तिला ती शाळेत जायच्या आधीपासून सांगत आलो होतो. बैठकीत सगळ्यांसमोर मी छातीवर हात मारून म्हणालोही होतो, "उचलून? खांद्यावर बसवून आणतो!" आणि आता त्याच छातीखालचे पाय पाटावरून उठत नव्हते.

परतीच्या एसटीत बायको संगमनेरपर्यंत माझ्या पायांकडेच बघत होती. संगमनेरच्या स्टँडवर तिनं पिशवीतून पाण्याची बाटली काढली, माझ्या हातात दिली, आणि म्हणाली, "उद्या डॉक्टर."

"अगं, घसरलो फक्त."

"बसलेला माणूस घसरत नसतो."

मी पाणी प्यायलो.

हे पाय असे का झाले याची कथा त्याआधी वर्षभर सुरू होती. ऑफिसातल्या तपासणीत मला शुगर निघाली. डॉक्टरांनी गोळी दिली, गोड बंद करा म्हणाले, चाला म्हणाले, महिन्यानं दाखवायला या म्हणाले. यातली गोळी मी घेतली. बाकीचं माझं मी ठरवलं. सरकारी कचेरीत इतकी वर्षं काढलेल्या माणसाला कुठल्याही आदेशाचा आपल्या सोयीनं अर्थ लावता येतो. मी असा अर्थ लावला की, आजार खाण्याचा आहे, तर औषध न खाण्याचं हवं. आणि न खाण्याची आपल्याकडे तयार सोय आहे, ती म्हणजे उपास.

सोमवार आधीपासून होता. त्याला गुरुवार जोडला. शनिवार मारुतीचा. दोन्ही एकादश्या, चतुर्थी, प्रदोष. एखाद्या आठवड्यात असं व्हायचं की जेवणाचाच वार शोधावा लागायचा. आणि उपासाला काय? साबुदाण्याची खिचडी, भगर, बटाट्याचा कीस, रताळं. शुगरच्या माणसानं साबुदाणा खावा का, असा प्रश्न तुम्हाला पडेल. मला पडला नाही. देवाच्या खात्यात गेलेलं शुगरच्या खात्यात कशाला येईल, असा माझा साधा हिशेब होता.

वर माझी हुशारी अशी की, खिचडीतले शेंगदाणे मी एकेक करून निवडून ताटाच्या कडेला ठेवायचो. तेलकट म्हणून! जेवणाच्या दिवशी डाळ बंद, कारण जड. दूध बंद, कारण साय. उसळ बंद, कारण वात. राहिली अर्धी भाकरी, दुधी भोपळा आणि सकाळचा कारल्याचा रस. कारल्याच्या रसानं दुसरं काही झालं नसेल, पण सकाळी सकाळी माझा जो चेहरा व्हायचा त्यानं दूधवाला तेवढा माझ्याशी अदबीनं बोलायला लागला.

मी बारीक होत गेलो. आपल्याकडे माणूस बारीक झाला की लोक दोनच गोष्टी बोलतात. समोर 'वा, झकास,' आणि मागे 'काही मोठं दुखणं आहे वाटतं.' मला पहिलंच ऐकू यायचं. पट्ट्याला मी घरीच खिळ्यानं भोकं पाडत होतो, आणि प्रत्येक भोक बायकोला बोलावून दाखवत होतो.

"पट्टा लांब झालाय," ती एकदा म्हणाली, "पण पोट तिथंच आहे, पट्ट्यावर लोंबतंय. मग गेलं काय?"

हा प्रश्न फार मोठा होता हे मला तेव्हा कळलं नाही. मी म्हणालो, "तुला विज्ञान कळत नाही."

साखरपुड्याच्या थोडं आधीपासून काही खुणा होत होत्या. स्कूटर मधल्या स्टँडवर घेता येईना. मी ती भिंतीला टेकवून ठेवायला लागलो आणि स्टँड बिघडलाय असं सगळ्यांना सांगितलं. जिना चढताना कठड्याचं लाकूड किती चांगलं आहे हे मला नव्यानं दिसू लागलं. आणि एवढे उपास करून सकाळची उपाशीपोटीची शुगर खाली यायचं नाव घेईना. मी लॅबवाल्याचं यंत्र बिघडलंय असं म्हणायचो. त्या वर्षी माझ्या आसपासच्या बऱ्याच वस्तू बिघडलेल्या होत्या. धडधाकट असा एकटा मीच.

तर दुसऱ्या दिवशी डॉक्टर. आधीचे नव्हेत. त्यांना तोंड दाखवायची सोय मी ठेवली नव्हती. आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून एका तरुण डॉक्टरणीनं नुकताच दवाखाना थाटला होता, तिथे बायकोनं मला रिक्षात घालून नेलं. दोन गल्ल्यांसाठी रिक्षा! मी कुरकुरलो तर म्हणाली, "स्कूटरचा स्टँड बिघडलाय ना?"

डॉक्टरणीनं नाडी, दाब, कागद सगळं पाहिलं. मग म्हणाली, "काका, हाताची घडी घाला आणि या स्टुलावरून उठा."

एवढंच? मी घडी घातली. उठलो नाही. पुढे झुकलो, मागे झुकलो, नमस्कार केल्यासारखं केलं, तरी स्टूल काही मला सोडेना. तिनं मग माझ्या दंडाला चिमटीत धरून पाहिलं, मांडीला टेप लावली, आणि पोटाकडे पाहून म्हणाली, "चरबी आहे तिथंच आहे. तुम्ही स्नायू खाल्लेत, काका."

"मी? मी तर काहीच खात नाही!"

"म्हणूनच. काय काय खात नाही ते सांगा."

मी सगळं सांगितलं. अभिमानानंच सांगितलं. शेंगदाणे निवडायची माझी पद्धतही करून दाखवली. ती ऐकत होती आणि तिची भुवई वर वर चालली होती. शेवटी तिनं पेन खाली ठेवलं.

"काका, आपल्या जिल्ह्यात साखर कारखाने किती?"

मला वाटलं बुद्धी तपासतेय. मी घाईनं मोजायला लागलो, तर म्हणाली, "राहू द्या. त्यात एक वाढवा. तो तुमच्या पोटात आहे."

आणि मग तिनं जे सांगितलं ते इतकं आमच्या भागातलं होतं की मला ते आजही जसंच्या तसं आठवतं.

ती म्हणाली, यकृत हा साखर कारखाना आहे. रक्तातली साखर फार खाली जाऊ नये म्हणून ते साखर तयार करत राहतं. खायला नसेल तेव्हा तर करतंच. पण कारखाना म्हटला की ऊस लागतो. तुम्ही डाळ नाही, दूध नाही, शेंगदाणा नाही असं पोट ठेवलंत, तर शरीर स्नायूच मोडायला काढतं. स्नायू प्रथिनांचे बनलेले. प्रथिनं मोडली की त्यांतली अमिनो आम्लं सुटी होतात. माळ तुटल्यावर मणी सुटतात तशी. ते मणी रक्तातून यकृताकडे जातात आणि त्यांतल्या बऱ्याच मण्यांची यकृत साखर करतं.

"म्हणजे," मी म्हणालो, "मी साखर खाल्ली नाही तरी..."

"तरी घरची साखर पडतेच आहे. तुमच्या मांड्या गाळपाला चालल्यात, काका. गळीत हंगाम जोरात आहे."

बायकोनं तोंडाला पदर लावला. ती हसत होती की घाबरली होती ते मला दिसलं नाही.

"निरोगी माणसात इन्सुलिन या कारखान्याला आवर घालतं," डॉक्टरीण पुढे म्हणाली. "स्नायूंनाही सांगतं, मोडू नका. तुमच्यात त्या इन्सुलिनचा शब्द कुणी ऐकेनासं झालंय. त्यात तुम्ही उपाशी. म्हणजे साहेबाचं कुणी ऐकत नाही आणि साहेबही रजेवर."

ही उपमा मात्र मला फार नीट कळली.

"आणि याहून मोठं नुकसान सांगते. जेवल्यावर रक्तात येणारी साखर उचलून नेणारा सगळ्यात मोठा हमाल म्हणजे हे स्नायू. मार्केट यार्डात हमाल कमी झाले की काय होतं? कांद्याच्या गोण्या जागच्या जागी पडून राहतात. तुम्ही हमालच कमी केलेत. मग साबुदाण्याच्या एवढ्या गोण्या उतरवून घेणार कोण?"

मी खिडकीबाहेर बघायला लागलो. बाहेर एक म्हातारा सायकलच्या कॅरियरवर भलं मोठं गाठोडं बांधत होता आणि एका पायावर उभा होता. एका पायावर!

"एक सांगा," बायको पहिल्यांदाच बोलली. तिचा आवाज जरा वेगळा होता. "गेलेलं परत येतं का?"

"येतं, काकू. जोर करावा लागेल आणि जेवावं लागेल. दोन्ही. नुसतं जेवून येत नाही, नुसत्या जोरानंही येत नाही. चरबी साठवून ठेवता येते, प्रथिनांना वेगळी कणगी नाही. ती रोजच्या रोज खावी लागतात."

मग तिनं मूत्रपिंडाची तपासणी करून घेतली. ते ठीक आहे हे पाहिल्याशिवाय ती आहार वाढवायला तयार नव्हती. गोळीचं प्रमाण बदललं. आणि मी भीत भीत खरा प्रश्न विचारला. "वैशाखात भाचीचं लग्न आहे. तिला उचलून बोहल्यावर न्यायचंय. जमेल?"

तिनं माझ्या मांड्यांकडे पाहिलं, मग माझ्या तोंडाकडे. "भाची बारीक आहे?"

"माझ्या नणंदेवर गेलीय," बायको म्हणाली, "खात्यापित्या घरची."

"मग आजपासून सुरू करा," डॉक्टरीण म्हणाली.

त्याच आठवड्यात बहिणीचा फोन आला. आवाज दुकानातून बोलल्यासारखा, हळू. "दादा, वाईट वाटून घेऊ नकोस. यांचं म्हणणं, तुझी तब्येत बरी नाही तर त्या दिवशी आपल्या चुलत भावाला सांगावं का? तो तालमीतला आहे. सासरच्या माणसांत पुन्हा काही..."

'कनात' हा शब्द आमच्या घराण्यात तेव्हापासून उच्चारला जात नव्हता.

चुलत भाऊ चांगला माणूस. म्हशीचं रेडकू उचलून घेऊन जाईल असा. मी म्हणालो, "बघू," आणि फोन ठेवला. माझं तोंड बायकोनं पाहिलं. ती स्वयंपाकघरात गेली आणि तिथूनच म्हणाली, "सोमवार, गुरुवार, शनिवार बंद. देवाशी मी बोलते. त्याला तुमची भक्ती हवी होती, मांड्या नको होत्या."

त्या दिवसापासून आमच्या घरात सत्तांतर झालं. वरण आधी इतकं पातळ असायचं की ताटाचा तळ दिसायचा. ते आता चमच्यावर उभं राहायला लागलं. सकाळी मुगाची धिरडी. दुपारच्या डब्यात मटकीची उसळ. रात्री हुलग्याची शेंगोळी, लसणाची फोडणी दिलेली, वाफ निघणारी; नगरच्या माणसाला हुलगा सोडायला लावणारं माझं ते विज्ञान कुठल्या देशातलं होतं देव जाणे. भाकरी होतीच, पण आता बेतात, आणि तिच्या सोबत पिठलं किंवा डाळ आहेच आहे.

यामागचं कारणही डॉक्टरणीनंच सांगितलं होतं. काही अमिनो आम्लं शरीराला स्वतः बनवता येत नाहीत, ती ताटातूनच यावी लागतात. त्यांतलं एक भाकरीत कमी असतं, ते डाळीत भरपूर. डाळीत एक कमी, ते भाकरीत आहे. मी हे बहिणीला फोनवर सांगितलं, "अगं, तू मुलीच्या पत्रिका बघत बसलीस, खरे छत्तीस गुण पिठलं-भाकरीचे जुळतात!"

"दादा," ती म्हणाली, "तुला बरं वाटतंय ना?"

डॉक्टरणीनं अंड्याचंही नाव घेतलं होतं. बायको म्हणाली, "माझ्या ओट्यावर नाही." मग तिनंच गॅलरीत जुना स्टोव्ह लावून दिला, एक पातेलं कायमचं वाळीत टाकलं, आणि मी तिथं तुळशीकडे पाठ करून उकडलेलं अंडं खायला लागलो. तुळशीला सगळं माहीत होतं. ती काही बोलली नाही.

एकादशी तेवढी राहिली. त्या दिवशी वाटीत दही, राजगिरा, आणि शेंगदाण्यांचा ढीग. "निवडा आता," बायको म्हणाली, "साबुदाणा निघाला तर कडेला ठेवा."

जेवणाची बाजू अशी. आता जोराची. आमच्याकडे नळाला पाणी खाली अंगणातच यायचं, आणि वरच्या मजल्यावर ते बादल्यांनी न्यावं लागायचं. इतकी वर्षं ते कोण नेत होतं, हे मला त्या महिन्यात कळलं. पहिल्या दिवशी मी अर्ध्या बादलीला जिन्यात दोनदा बसलो. बायको वरून बघत होती. "मी तुमच्या वयाची होईन तेव्हा मलाही असंच होईल बहुतेक," ती म्हणाली. ती माझ्याहून तीन वर्षांनी लहान.

पाटावरून हात न लावता उठायचं, हे दुसरं. सुरुवातीला पाटावर दोन उश्या, मग एक, मग नुसता पाट. हाताचा आधार नको म्हणून तिनं माझ्या दोन्ही हातांत एकेक तांब्या दिला. पाण्यानं भरलेला. सांडलं की फरशी मी पुसायची. फरशी पुसणं हाही चांगला व्यायाम आहे, हे मी स्वानुभवानं सांगतो.

आणि तिसरं, भाची. तिचं वजन किती हे कळल्याशिवाय तयारी करायची कशी? मी तिला फोन केला. "तुमच्या दुकानात मोठा काटा आहे ना, त्यावर जरा उभी राहा आणि मला सांग."

"मामा! मी काय गुळाची ढेप आहे?"

"अगं, तयारीसाठी."

"तयारी कसली? नाही जमलं तर मी चालत येईन. पण आईला सांगून ठेवलंय, दुसऱ्या कुणाच्या हातानं मी येणार नाही. तो मामा मला ओळखत पण नाही नीट." मग जरा थांबून म्हणाली, "तू मला खांद्यावरनं कधी पाडलं नाहीस."

फोन ठेवल्यावर मी दोन बादल्या जास्त नेल्या. गरज नसताना.

वजन शेवटी बायकोनंच ठरवलं. घरात वर्षाची बाजरी भरलेली होती. तिनं एक पोतं अर्धं रिकामं केलं, तोंड शिवलं, बाजूला उभं राहून डोळे बारीक करून पाहिलं, आणखी चार पायल्या टाकल्या आणि म्हणाली, "ही झाली तुमची भाची. शालूसकट."

पोतं उचलायला मला एकदम मिळालं नाही. आधी डाळीची पिशवी, मग पिठाचा डबा, मग थोडं मोठं. डॉक्टरणीनं बजावलं होतं, कंबरेतून वाकायचं नाही, गुडघ्यातून बसायचं. हळूहळू पोतं जमिनीवरून सुटलं. मग दोन पावलं. मग हॉल ओलांडून देवघरापर्यंत. चैत्रात एकदा संध्याकाळी मी पोतं दोन्ही हातांवर आडवं घेऊन अंगणात फेऱ्या मारत होतो, आणि बायकोनं गंमत म्हणून त्यावर तिची जुनी शाल पांघरली होती. शेजारचे निवृत्त हवालदार कुंपणापाशी थबकले.

"काय साहेब, पोतं घेऊन कुठं निघालात?"

"बोहल्यावर," बायको आतून म्हणाली.

ते मागं फिरून घरात गेले. दुसऱ्या दिवशी त्यांच्या सौभाग्यवती आमच्या हिला हळूच विचारून गेल्या, साहेबांचं बरं आहे ना म्हणून.

बरं होतं. पट्टा पुन्हा दोन भोकं आत गेला होता, पण या वेळी मांड्यांनी पॅन्ट भरली होती. सकाळची शुगर उतरू लागली होती. लॅबवाल्याचं यंत्र दुरुस्त झालं असावं.

लग्नाच्या दिवशी राजूरला ऊन असं की मंडपाचं कापड डोक्यावर तापलेलं. चुलत भाऊही आला होता. खांदे रुंद, मिशीला पीळ. माझ्या मेव्हण्यांनी त्याला बोहल्याजवळच उभं केलं होतं. काही बोलले नाहीत, पण उभं केलं होतं. नवऱ्याची आजी पहिल्या रांगेत खुर्ची टाकून, हातात पंखा.

गुरुजींनी पुकारलं, मुलीच्या मामानं मुलीला घेऊन यावं.

मी आतल्या खोलीत गेलो. भाची शालूत, मुंडावळ्यांत, डोळ्यांत पाणी आणि ओठांवर हसू. मी गुडघ्यात बसलो, पाठ ताठ, हात खाली घातले आणि उचलली. उचलली! पोत्यात आणि तिच्यात एकच फरक होता, पोतं हसत नसे.

दारातून बाहेर पडलो तशी ती कानाशी म्हणाली, "मामा, मी कालपासून काही खाल्लं नाही. तुला जड नको व्हायला."

"काय?" मी भर मंडपात ओरडलो. "वेडी का गं? उपाशी राहिलीस की शरीर स्नायू मोडायला काढतं! वाटीभर वरण तरी खायचं!"

अंतरपाटाच्या पलीकडून नवरदेवाचा हसण्याचा आवाज आला. गुरुजी अक्षता हातात घेऊन माझ्याकडे बघत राहिले. मी चालत होतो. मध्ये सतरंजीची घडी आली, ती ओलांडली. चुलत भाऊ दोन्ही हात पुढे करून एक पाऊल सरसावला. मी मानेनंच नको म्हटलं. बोहल्याची पायरी चढलो आणि तिला पाटावर उभी केली, आदळली नाही, ठेवली. हळू खाली ठेवणं उचलण्यापेक्षा अवघड असतं. ते मी बाजरीवर शिकलो होतो.

आजीबाईंनी पंखा थांबवला. "लई झ्याक, मामा! न्हाई, मला वाटलं हुतं आज बी कायतरी पडंल."

"काय पडणार, आजी?"

"आवं, मंडप!"

मग मंगलाष्टकं, टाळ्या, पाया पडणं. आणि पंगत. आजीबाईंनी मला मुद्दाम आपल्या शेजारी बसवलं. पाटावर, मांडी घालून. मागे कनात. तीच लाल-निळी. मंडपवाला तोच होता. सगळ्यांचे घास चालू होते, पण अर्धा मंडप माझ्याकडे लक्ष ठेवून होता हे मला पाठीलाही कळत होतं. वरणभात झाला, मठ्ठा झाला, जिलबीला मी हात जोडले. पंगत उठली. मी हाताची घडी घातली, पुढे झुकलो आणि उठलो. एका दमात. आजीबाईंनी उठायला माझाच हात मागितला आणि मी तो दिला.

ही कर्तबगारी सांगायला मी बायकोला शोधायला लागलो, तर ती कुठे दिसेना. बायकांच्या पंगतीत नाही, स्वयंपाकाकडे नाही. बऱ्याच वेळानं मागच्या बाजूनं आली, घामाघूम. जेवली नव्हती. मी एवढं सगळं सांगत सुटलो आणि ती नुसती हं हं करत होती.

परतीच्या एसटीत मी खिडकीशी बसून सांगतच होतो. पायरी कशी चढलो, चुलत भावाचा चेहरा कसा झाला, कसा न धरता उठलो. बोलता बोलता तिचा हात हातात घेतला, तर तळहातावर लाल वळ उठलेले. सुंभाच्या दोरीचे असतात तसे, दोन्ही हातांवर.

"हे काय?"

तिनं हात सोडवून घेतला आणि पदराखाली नेला. मग म्हणाली, "तुमची पंगत बसली ना, तेव्हापासून कनातीच्या मागे दोरी धरून उभी होते. अहो, हसता काय? तुमच्यावर माझा पूर्ण विश्वास होता. कनातीवर नव्हता."